चवदार तळे आणि मानसशास्त्राचा तास

पोलादपूरहून महाडला येणारी सकाळची एसटी कॉलेजच्या मुलांनी भरलेली असे. मीही त्यांतलाच एक. बारावीपर्यंत महाड आणि पुढे मुंबई हा आमच्या तालुक्यातल्या शिकणाऱ्या पोरांचा ठरलेला रस्ता. मुंबईला गेल्यावर मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतले, तेव्हा घरात एकच प्रश्न उभा राहिला : हे शिकून वेड्यांच्या इस्पितळात नोकरी करायची का? कोकणात मनाच्या आजाराचा पत्ता एकच, रत्नागिरी. तिथले मनोरुग्णालय १८८६ सालचे. ‘याला रत्नागिरीला न्या’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे. माणसाचे मन हा अभ्यासाचा विषय असू शकतो आणि तो शहाण्या माणसांविषयीही असतो, हे आजीला पटवून देणे मला शेवटपर्यंत जमले नाही.

पहिल्या वर्षी मूलतत्त्वे, दुसऱ्या वर्षी सामाजिक आणि वैकासिक मानसशास्त्र, आणि तिसऱ्या वर्षी एकदम फांद्या फुटत : अपसामान्य, औद्योगिक, बोधनिक, समुपदेशन, मानसमापन, शिवाय प्रात्यक्षिके. एवढ्या शाखा पाहून छाती दडपायची आणि बरेही वाटायचे. प्रत्येक शाखेची उदाहरणे मात्र परदेशी. लिपझिगमधली १८७९ची वुंटची प्रयोगशाळा, पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरची पेटी, अमेरिकेतल्या निग्रो मुलांच्या बाहुल्या. ‘पूर्वग्रह’ या प्रकरणात अमेरिकेतला काळा-गोरा भेद सविस्तर होता. वर्गातली निम्मी मुले कोकणातली आणि देशावरची, ‘विटाळ’ हा शब्द कानांवर घेऊन वाढलेली. पण आमच्या त्या पाठ्यपुस्तकात जातीला एक परिच्छेद होता आणि महाडच्या वाट्याला एक ओळही नव्हती. मी महाडचे चवदार तळे ओलांडून कॉलेजात गेलेला मुलगा, पण मलाही त्या वेळी यात काही चुकल्यासारखे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. तळे इतिहासाच्या तासाला होते, मानसशास्त्राच्या तासाला नव्हते.

पुढे स्वतः शिकवू लागल्यावर हळूहळू लक्षात आले की ही दोन दालने वेगळी करण्याचे काम आपण केले आहे. ज्यांच्या नावाने ते तळे जगाला माहीत झाले, त्यांनी ती वेगळी केलेली नव्हती.

भीमराव आंबेडकर १९१३च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचे विषय म्हणून आपण अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र यांची नावे घेतो, आणि ती बरोबरच आहेत. पण १९१४च्या शरद ऋतूतील सत्रात ते जॉन ड्यूई यांच्या एका वर्गाला बसत होते, त्याचे शीर्षक मराठीत ‘मानसशास्त्रीय नीतिशास्त्र आणि नैतिक व राजकीय तत्त्वज्ञान’ असे होईल. नीतीचा विचार मानसशास्त्राच्या अंगाने करायचा, हाच त्या वर्गाचा रोख. ड्यूई हे आज तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ म्हणून ओळखले जातात, पण त्यांची सुरुवात मानसशास्त्रातली. १८८७ साली त्यांनी त्या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिले. १८९६ साली प्रतिक्षिप्त क्रियेवर लिहिलेला त्यांचा निबंध आजही मानसशास्त्राच्या इतिहासात शिकवतात. १८९९ साली ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. त्याच कोलंबियात तेव्हा कॅटेल, वुडवर्थ आणि शिक्षणशास्त्र शाखेत थॉर्नडाइक होते, म्हणजे ज्यांची नावे आमच्या पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात होती ती माणसे त्याच आवारात वावरत होती. आंबेडकर त्यांच्या वर्गांना बसले असे मी म्हणत नाही. पण ज्या विद्यापीठात हे शास्त्र आकार घेत होते, त्याच विद्यापीठात ते तीन वर्षे होते.

सामाजिक मानसशास्त्र ही शाखा तेव्हा नुकतीच जन्मली होती. तिची पहिली दोन इंग्रजी पाठ्यपुस्तके, मॅकडूगल यांचे आणि रॉस यांचे, १९०८ सालची. त्याआधी फ्रान्समध्ये गॅब्रिएल तार्द यांनी १८९० साली अनुकरणाच्या नियमांवर ग्रंथ लिहिला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०३ साली झाले, आणि त्याला प्रस्तावना कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ गिडिंग्ज यांची होती. आंबेडकर गिडिंग्ज यांचे विद्यार्थी.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. तो पुढल्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. या निबंधाविषयी बोलताना आपण नेहमी त्यातला सजातीय विवाहाचा सिद्धान्त सांगतो. पण एका वर्गाने स्वतःभोवती कुंपण घातले, एवढ्याने सगळ्या देशात हजारो कुंपणे का उभी राहिली, या प्रश्नाचे उत्तर आंबेडकर समाजशास्त्रातून देत नाहीत, मानसशास्त्रातून देतात. बॅजहॉट आणि तार्द यांचा आधार घेऊन ते म्हणतात की हे अनुकरणाने झाले. अनुकरण वरून खाली वाहते. ज्याचे अनुकरण करायचे तो जितका जवळचा आणि जितका प्रतिष्ठित, तितके ते जोरकस. जो जवळ होता त्याने सगळे रिवाज उचलले, जो लांब होता त्याने थोडे उचलले. आणि ज्यांना अनुकरण करायचे नव्हते तेही बाहेर राहिले नाहीत. इतरांनी दारे लावून घेतली, तेव्हा ते आपोआप दाराबाहेर पडले.

या उत्तरात एक कमकुवत जागा आहे, असे मला वाटते. अनुकरणाने प्रसार समजतो, पण हिंसा समजत नाही. खालच्याने वरच्याचे अनुकरण करायला लागताच वरच्याला राग का येतो, हे तार्दच्या नियमांत बसत नाही. पण पंचविशीतल्या विद्यार्थ्याच्या निबंधातली ही फट अकरा वर्षांनी महाडला उघडी पडली, आणि ती उघडी पाडणाराही तोच माणूस होता.

ड्यूईंकडून आंबेडकरांनी जे घेतले त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘सवय’ या कल्पनेची समज. सवय म्हणजे एकट्या माणसाची खोड नव्हे. सवय ही माणूस आणि त्याची परिस्थिती यांनी मिळून केलेली गोष्ट आहे, आणि रूढी म्हणजे सगळ्यांची मिळून झालेली सवय, असे ड्यूई मांडत आले. १९२२ साली त्यांनी यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि त्याच्या उपशीर्षकात सामाजिक मानसशास्त्र हे शब्द घातले. असा विचार करणाऱ्या माणसाला, नुसता कायदा बदलून रूढी का बदलत नाही, याचे आश्चर्य वाटत नाही.

महाडला नेमके तेच झाले होते. सी. के. बोले यांचा म्हणून चुकून लिहिला जाणारा, पण सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली झाली. १९२४च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले. कागदावर सगळे झाले. पण तीन वर्षे त्या तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस पाणी भरायला गेला नाही. कायदा अडवत नव्हता. गावाची सवय अडवत होती, आणि स्वतःच्या अंगात मुरलेली सवयही.

गावाच्या सवयीचे एक उदाहरण महाडमधलेच. रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडजवळच्या लाडवलीचे. हुशार म्हणून शिष्यवृत्ती मिळालेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबईच्या वर्तमानपत्राला पत्र धाडले, ते छापून आले आणि शाळेला दार उघडावे लागले. तरी बसायला जागा वेगळी. याच मोऱ्यांनी पुढे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवण्यासाठी धावपळ केली. आमच्या वैकासिक मानसशास्त्राच्या तासाला ‘आत्मप्रतिमा’ शिकवताना मी आता मोऱ्यांचे उदाहरण देतो. वेगळा बसवलेला मुलगा खचतो, हे पाठ्यपुस्तक सांगते. पोस्टाने पत्र पाठवून शाळा उघडायला लावणाऱ्या मुलाचे काय करायचे, ते सांगत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७. अडीच-तीन हजार माणसे. दुसऱ्या दिवशी परिषद आटोपल्यावर सगळे रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे हे स्पृश्य सहकारी सोबत होते. हे सगळे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा अर्धा दिवस मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावा असा आहे.

तळ्यावर काही घडले नाही. लोक पाणी पिऊन परतले, जेवायच्या तयारीला लागले. आणि गावात बातमी पसरली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा कुठलाही बेत नव्हता. पण बातमी फिरली, जमाव जमला, आणि काठ्या घेऊन मंडपातल्या व रस्त्यातल्या निःशस्त्र माणसांवर तुटून पडला. अनेकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

अफवा ही सामाजिक मानसशास्त्रातली मोठी पोटशाखा. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांचे तिच्यावरचे पुस्तक १९४७ सालचे, आणि आमच्या अभ्यासक्रमात तेच होते. पण त्याच्या कितीतरी आधी, १९३५ साली, जमुना प्रसाद यांनी बिहारच्या १९३४च्या भूकंपानंतर उठलेल्या अफवांवर ब्रिटिश मानसशास्त्र पत्रिकेत निबंध लिहिला होता. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथल्या लोकांत आणखी भयंकर संकट येणार असल्याच्या अफवा उठल्या. लिऑन फेस्टिंगर यांना या निबंधाने कोड्यात टाकले. घाबरलेली माणसे स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या बातम्या का पसरवतात? त्यांनी काढलेले उत्तर असे : भीती आधी येते, तिला साजेसे कारण डोळ्यांसमोर नसते, तेव्हा मन कारण तयार करते. १९५७ साली आलेला त्यांचा बोधनिक विसंगतीचा सिद्धान्त इथून उगवला. जगातल्या प्रत्येक कॉलेजात शिकवला जाणारा सिद्धान्त आणि त्याचे मूळ बिहारच्या बाजारगप्पांत. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

महाडची अफवा या चौकटीत ठेवून पाहावी. हा माझा तर्क आहे, पण तो मला पटतो. २० मार्चला महाडच्या आळ्यांत धक्का बसला होता, पडझड मात्र काहीच झाली नव्हती. काही माणसे पाणी प्याली, एवढेच. कोणाचे घर लुटले नाही, कोणाला मारले नाही. एवढ्या मोठ्या संतापाला एवढे लहान कारण स्वतःशीही मान्य करणे अवघड. देवळाची बातमी आली आणि रागाला देव मिळाला. अफवा कोणी मुद्दाम पसरवली असेलही. पण ती इतक्या झटक्यात खरी मानली गेली, याचे उत्तर पसरवणाऱ्यात नाही, ऐकणाऱ्यांत आहे.

दुसऱ्या बाजूचा जमावही पाहण्यासारखा. आंबेडकर सरकारी बंगल्यात उतरले होते. मार खाल्लेल्या, खवळलेल्या शेकडो तरुणांनी बंगल्याला गराडा घातला आणि उलटून हल्ला करायची परवानगी मागितली. आंबेडकरांनी त्यांना आवरले. फ्रेंच लेखक ल बाँ यांनी १८९५ साली लिहून ठेवले होते की गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो आणि रानटी होतो, आणि हे वाक्य आमच्याकडे वक्त्यांपासून पोलिसांपर्यंत सर्वांच्या सोयीचे ठरत आले आहे. महाडची गर्दी त्याला उघड अपवाद. डिसेंबरमध्ये तर याहून कठीण प्रसंग आला. हजारो माणसे सत्याग्रहासाठी, तुरुंगात जायच्या तयारीने पुन्हा महाडला जमली आणि त्याआधीच कोर्टाचा मनाईहुकूम हाती पडला. पाणी प्यायला आलेल्यांनी तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढली आणि ते परत फिरले. परत फिरण्यासाठी गर्दीजवळ काय असावे लागते, हे ल बाँच्या पुस्तकात सापडणार नाही.

मार्चच्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी तळ्याची ‘शुद्धी’ झाली. पंचगव्य, मंत्रोच्चार आणि १०८ घागरींचा विधी. यावर आजवर भरपूर उपरोध लिहिला गेला आहे, त्यात भर घालायची गरज नाही. मानसशास्त्राला इथे वेगळा प्रश्न पडतो : हे करणाऱ्यांना खरोखर काय वाटत होते?

१९८६ साली पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फळांच्या रसाच्या पेल्यात त्यांनी मेलेले झुरळ बुडवून बाहेर काढले. झुरळ पूर्ण निर्जंतुक केलेले आहे, हे लोकांना आधीच सांगितले होते. तरी लोक तो रस पिईनात. रोझिन म्हणाले की किळस ही संसर्गाच्या एका फार जुन्या नियमाने चालते : एकदा स्पर्श झाला की तो कायमचा राहतो. हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडतो. त्यांना हसू येते, अंगावर शहारा येतो, आणि मग कोणीतरी म्हणते, “सर, हे तर विटाळासारखंच आहे.”

आहे आणि नाही. विटाळाची भावना अंगाने जाणवते ती किळसेसारखीच, आणि म्हणूनच ती युक्तिवादाने सुटत नाही. पण महाडच्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. मुसलमान आणि ख्रिस्ती यांना बंदी नव्हती. शुद्ध करायला जे वापरले त्यात शेण आणि गोमूत्र होते. म्हणजे घाण वस्तूत नव्हती, वस्तूच्या स्पर्शात नव्हती, तर स्पर्श कोणाचा याच्यात होती. झुरळाच्या प्रयोगात किळस आधी येते आणि अर्थ नंतर. विटाळात अर्थ आधी शिकवला जातो आणि किळस मागून उगवते, पण उगवल्यावर ती निसर्गानेच दिल्यासारखी वाटते. रोझिन यांच्या प्रयोगाशेजारी चवदार तळे ठेवले तर त्यांच्या सिद्धान्तालाही काही शिकायला मिळेल, असे मला वाटते. आपण मात्र झुरळ शिकवतो.

हे लिहिताना मला आमच्या पोलादपूरच्या घराची पडवी दिसते. पडवीच्या कोनाड्यात एक पितळी पेला असे, घरच्या भांड्यांत न मिसळणारा. लाकडे फोडायला, गवत आणायला येणाऱ्या माणसाला त्यात पाणी मिळे, तेही वरून ओतलेले. आजी दुष्ट नव्हती. त्याच माणसाच्या पोराला ताप आला तेव्हा तिने काढा करून दिला होता, पण त्याच पेल्यात. महाडचा सत्याग्रह होऊन तोवर चाळीसहून जास्त वर्षे झाली होती, आणि महाड आमच्यापासून तासाभराच्या आत होते. ड्यूई वाचताना मला तो कोनाडा आठवतो. विचार बदलले तरी कोनाडा जागच्या जागी राहतो.

डिसेंबर १९२७च्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली आणि त्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, हे सांगितले जाते. त्यानंतर आंबेडकर बायकांशी वेगळे बोलले, त्याकडे मात्र कमी लक्ष जाते. त्यांनी सांगितले की लुगडे नेसण्याची तऱ्हा बदला, जडशीळ दागिने टाका, कारण त्यांवरून तुमची जात लांबून ओळखता येते. स्पृश्य बायका नेसतात तसे नेसा.

१९१६चा निबंध वाचलेल्याला इथे थबकायला होते. ज्याने अनुकरण हेच जातीच्या प्रसाराचे यंत्र म्हणून दाखवले, तोच आता अनुकरण करा म्हणतो? मला वाटते, विसंगती नाही. तार्दच्या अनुकरणात खालचा वरच्याची कुंपणे उचलतो आणि स्वतःच्या खाली आणखी एक पायरी बनवतो. महाडला बायकांना कुंपण उचलायला सांगितले नव्हते, स्वतःवर चिकटवलेली खूण काढायला सांगितले होते. खुणेशिवाय अपमान करणाऱ्याला थोडा वेळ लागतो, त्याला विचारावे लागते. पुढे १९६३ साली अमेरिकेत अर्व्हिंग गॉफमन यांनी कलंक या विषयावर पुस्तक लिहिले आणि दिसणारी खूण व लपवता येणारी खूण असा भेद केला. तो आमच्या एम.ए.च्या अभ्यासात होता. माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले होते की खूण लपवणे आणि खूण नाकारणे यांत फरक काय. मी तेव्हा गुळमुळीत उत्तर दिले. आज म्हणेन की लपवणे एकट्याने होते, नाकारणे मंडपात हजारोंच्या साक्षीने होते.

तळ्याचा दावा कोर्टात दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. पण न्यायालयापुढे प्रश्न काय होता? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादी सिद्ध करू शकले का? ते करू शकले नाहीत, म्हणून हरले. पाणी नाकारल्याने माणसाचे काय होते, हा प्रश्न दहा वर्षांत कोणी विचारला नाही, कारण कायद्याला तो पडतच नव्हता.

तो पडला अमेरिकेत, आणि पुन्हा कोलंबियाच्याच वाटेने. केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय पती-पत्नी, दोघांनीही तिथेच मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कोणती, आवडती कोणती असे विचारले. पुष्कळ मुलांनी गोरी बाहुली उचलली. १७ मे १९५४च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतले वेगळेपण घटनाबाह्य ठरवले, तेव्हा तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा हवाला होता. मानसशास्त्र पहिल्यांदा एवढ्या मोठ्या निकालात शिरले. आपल्याकडे तोवर घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद झाली होती, आणि तिचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष मसूरहून कोरेगावला जाताना पाण्याविना रात्र काढलेला मुलगा होता. त्या प्रवासाची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बाहुल्या मांडायची गरज त्यांना नव्हती.

मग आपल्याकडच्या मानसशास्त्राने हा धागा का उचलला नाही? याला वाईट हेतू चिकटवण्यात अर्थ नाही. विषय इथे आला तो तत्त्वज्ञानाच्या पोटातून. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि त्यांना जोडून मानसशास्त्र. स्वतंत्र विभाग कलकत्त्यात १९१६ साली निघाला. पुण्यात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग वि. के. कोठुरकरांनी १९५० साली उभा केला, मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ सालचा. नव्या विषयाला आधी आपण ‘शास्त्र’ आहोत हे सिद्ध करायचे असते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा, यंत्रे, मापन हवे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली आले आणि ती कसोटी आजही दवाखान्यांत वापरली जाते. हे काम कष्टाचे होते आणि उपयोगाचे. पण मोजता येते ते आधी शिकवले जाते, आणि तळे मोजता येत नाही. १९५०-५१ साली युनेस्कोच्या वतीने गार्डनर मर्फी भारतातल्या सामाजिक तणावांचा अभ्यास करायला आले, त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले, तेवढ्यापुरती थोडी हालचाल झाली. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी आयुष्यभर सांगितले की आपले मानसशास्त्र उसने आहे, ते इथल्या मातीतून उभे केले पाहिजे. त्यांना मान खूप मिळाला, पण अभ्यासक्रम फारसा हलला नाही.

सिन्हांचे नाव आमच्या भागाला आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. १९५० साली दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, आणि १९५२ साली त्यांनी त्यावेळच्या बातम्यांवर आणि अफवांवर निबंध लिहिला. तिथे लोकांनी विध्वंस स्वतः डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे बिहारसारख्या येणाऱ्या संकटाच्या अफवा उठल्या नाहीत. फेस्टिंगर यांनी हे दोन अभ्यास शेजारी ठेवले आणि त्यातून आपला तर्क पक्का केला.

दरड म्हटले की महाड-पोलादपूरच्या माणसाला पुढे काही सांगावे लागत नाही. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ रोजी तळिये, जिथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या आणि महाड शहर पाण्याखाली होते. तेव्हापासून ‘समुपदेशन’ हा शब्द आमच्याकडे खेड्यापर्यंत पोहोचला. बाहेरून पथके येतात, चांगली मुले-मुली असतात, मनापासून काम करतात. त्यांच्या हातात असतात त्या आघातोत्तर ताणाच्या प्रश्नावल्या. डोंगराखाली झोपणारा माणूस पावसाच्या रात्री जागा राहतो, हे लक्षण की शहाणपण, हे प्रश्नावली ठरवू शकत नाही. त्यासाठी दरडीखालची वाडी तिथेच का वसली, कोणाला कुठली जमीन मिळाली, कोणाच्या वाट्याला डोंगराचा पायथा आला, हे माहीत असावे लागते. म्हणजे पुन्हा इतिहासाचा तास.

महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. आंबेडकरांनी ती संस्था १९४५ साली काढली आणि त्यांच्या पश्चात, साठच्या दशकारंभी, हे कॉलेज इथे सुरू झाले. तळ्यावरून कॉलेजला जाणारी मुले आता माझ्या वेळेपेक्षा किती तरी अधिक विषय शिकतात.

मागच्या पावसाळ्यात घर शाकारताना माळ्यावरून जुनी भांडी खाली काढली. त्यात तो पितळी पेला निघाला, काळा पडलेला. मुलीने चिंचेने घासून लखलखीत केला आणि विचारले, हा एकच वेगळा का, याचा जोड नाही का? मी तिला सांगितले. तिने पेला थोडा वेळ हातात धरला, मग घरच्या इतर पेल्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. रात्री जेवताना पाण्यासाठी माझा हात रांगेकडे गेला आणि त्या पेल्यापाशी क्षणभर अडखळला.